ओळीत बसलेलं गाव

नांदुऱ्याच्या स्टेशनातला पार्सल बाबू कादंबऱ्या लिहितो, हे गावाला बरेच दिवस खरंच वाटत नव्हतं. पण शेषराव डवले लिहीत. मेल निघून गेली की मालगाडी येईपर्यंत गाठोड्यांवर बसून ते पेंढाऱ्यांच्या टोळ्या वऱ्हाडात उतरवत, गढ्या पाडत, तलवारी चालवत. तेवढ्यात कोणी आंब्यांची करंडी सोडवायला आला की उगारलेली तलवार तशीच अधांतरी ठेवून त्याची सही घेत, करंडी देत आणि मग ती तलवार खाली आणत. अशा पाच ऐतिहासिक कादंबऱ्या झाल्या. कवितेची दोन पुस्तकंही निघाली, पण त्यांचं कोणी नाव काढत नसे. याचं शेषरावांना फार वाईट वाटे, कारण त्यांच्या मते ते मुळात कवी होते आणि कादंबरीकार नाइलाजानं झाले होते.

पाचांतली एक मात्र चालली. तिचं नाव ‘गढीची सगुणा’. वऱ्हाडात निजाम आणि भोसले या दोघांचा अंमल होता, दोघंही वसूल नेत आणि रखवालीला कोणीच नसे, त्या काळची ही गोष्ट. शेषरावांचं मूळगाव हिवरगाव. तिथे मातीच्या गढीचा एक ढिगारा होता आणि त्यावर शेळ्या चरत. त्या ढिगाऱ्यावर शेषरावांनी पाटलाची तरणीताठी सून उभी केली, तिचं नाव सगुणा ठेवलं आणि पेंढाऱ्यांना नदीपलीकडे आणून बसवलं. पलीकडच्या गावानं फितुरी करून पेंढाऱ्यांना नदीचा उतार दाखवला, गढी पडली आणि सगुणा दरवाजात लढता लढता मेली. मरताना तिनं शाप दिला.

शाप गद्यात द्यायचा की पद्यात, हा प्रश्न शेषरावांसारख्या माणसाला पडणं शक्यच नव्हतं. फितूर गावाला आधी एक काल्पनिक नाव दिलं होतं, पण ते घातलं की ओळ लंगडायची. चार नावं बदलून पाहिली तरी लंगडतच होती. तेवढ्यात समोरच्या गठ्ठ्यावर लिहिलेलं गावाचं नाव त्यांना दिसलं, पळसोडा. पळसोडा हिवरगावच्या अगदी समोर, नदीपलीकडे. नाव ओळीत असं बसलं की शेषराव एकटेच हसले आणि मोठ्यानं म्हणाले:

हिवरगावची लेक, पळसोड्याचं दार,
उंबरा ओलांडील, तिचा बुडेल संसार.

एवढंच झालं होतं. पळसोड्याच्या माणसांनी त्यांचं काही वाकडं केलेलं नव्हतं. त्या गावात त्यांनी तोवर पाऊलही टाकलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, तीही सांगायला हवी. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की प्रस्तावनेत आधार दाखवावा लागे. कोणी बखर दाखवी, कोणी सनद. शेषरावांकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी लिहून टाकलं, ‘ही हकिगत आमच्या भागातील वृद्ध व जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलेली आहे.’ हिवरगावात वृद्ध माणसं पुष्कळ होती, पण ती हकिगती सांगत नसत, दिवसभर खोकत असत.

पुण्याच्या एका टीकाकारानं पुस्तकाच्या भाषेला गावंढळ म्हटलं आणि शेषराव आठवडाभर जेवणावर रुसले. पण इकडे वऱ्हाडात पुस्तक हातोहात फिरलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ते ऐकलं. मग पोरींनी त्या दोन ओळी उचलल्या आणि भुलाबाईच्या गाण्यात घातल्या. कोजागिरीच्या सुमाराला टिपऱ्यांच्या ठेक्यावर त्या ओळी पहिल्यांदा कानावर आल्या, तेव्हा शेषराव भर रस्त्यात थांबले. कोणाचं गाणं, असं त्यांनी एका बाईला विचारलं. ती म्हणाली, ‘जुनं हाये जी. माही आजी म्हने.’ शेषरावांचे डोळे भरून आले. आपली ओळ लोकांची झाली, यापेक्षा कवीला काय हवं असतं? त्यांनी तिला खरं सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंच नाही.

पुढे काळ गेला, इंग्रज गेले, महाराष्ट्र झाला, शेषराव पेन्शनीत निघाले. गाण्याचं वय मात्र वाढतच गेलं. हिवरगावच्या मुली पळसोड्यात देणं कधी बंद झालं ते कोणालाच नीट सांगता येईना. पिढ्यान्‌पिढ्या बंद आहे, एवढं सगळे सांगत. शेषराव नांदुऱ्यात राहायचे, हिवरगावला जाणंयेणं सणासुदीपुरतं. हे त्यांच्या कानावर यायचं आणि ते मान हलवून गप्प बसायचे. आत कुठेतरी थोडा गर्वही वाटायचा, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्यांना उशिरा झालेली एकुलती एक मुलगी, चांगुणा. ट्रेनिंग कॉलेज करून ती वडनेर भोलजीच्या शाळेत मास्तरीण झाली. त्याच शाळेत दौलत नावाचा शिक्षक होता. दोघांचं जमलं. जमलं म्हणजे काय, तर मधल्या सुट्टीत तो तिच्या वर्गाच्या दारात उभा राहून पंधरा मिनिटं खडूबद्दल बोलायचा. चांगुणा बापासारखी बोलघेवडी नव्हती. तिनं एक दिवस आईजवळ, रुखमाबाईजवळ, भाकरी थापता थापता सांगितलं, ‘करीन त त्याच्यासंगंच करीन. नाई त राहू द्या.’ आणि भाकरी तव्यावर टाकली.

दौलत पळसोड्याचा होता. त्याचे वडील पुंजाजी रीतसर मागणी घालायला आले. माणूस सरळ, कमी बोलणारा. दौलतच्या जन्माच्या वेळीच पुंजाजीची बायको गेली, पण त्यानं दुसरं लग्न केलं नाही. आईनं, सोजराबाईनं, नातवाला वाढवलं. साक्षगंध ठरलं, साडी आली, शेवयाही झाल्या. गाण्याचा विषय निघाला नाही, कारण मुलगी नांदुऱ्याची म्हणून सोजराबाईला सांगितलं होतं. मूळगाव पुंजाजीनं आईपासून लपवलं होतं. पण सोयरिकीत मूळगाव किती दिवस लपणार? कोणीतरी बाजारात बोललं.

पुंजाजी परत आले ते एकटेच. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, ‘मायले समजलं. ती नाई म्हनते. अन्न सोडून बसली हाये.’

‘कशापायी?’

‘ते गानं.’

शेषराव हसले. खरंच हसले, अगदी पोटभर. ‘अहो, ते गानं माहं हाये. म्या केलं. पार्सलवर तुमच्या गावाचं नाव दिसलं म्हून घातलं. सगुणा नव्हतीच कोनी.’

पुंजाजींनी मान वर केली. ‘तुमी लेयलं, हे मले ठाव हाये. पन पुस्तकात पह्यल्याच पानावर तुमीच म्हनता का जुन्या मानसाइनं सांगतलं.’

‘तशी पद्धत असते लेयाची.’

‘खोटं लेयाची?’

पुंजाजींनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं. शेषरावांचं हसू तिथेच विरलं.

आतून चांगुणा ऐकत होती. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून पळसोड्याच्या गठ्ठ्याची गोष्ट तिनं कितीदा ऐकली होती, त्यामुळे तिला काळजी वाटत नव्हती. पुंजाजी गेल्यावर ती म्हणाली, ‘बाबा, तुमी सोता जा. आजीले सांगा. तुमी सांगतलं त कोन नाई म्हनन?’

तसे शेषराव निघाले. आधी हिवरगावला गेले. आपल्याबरोबर बोलायला एखादा साक्षीदार असावा, हा त्यांचा विचार. भाऊराव त्यांच्या वयाचा, एका पाटीवर शिकलेला. गढीच्या ढिगाऱ्यावर दोघं मिळून शेळ्या वळायचे. त्या ढिगाऱ्यावर आता दगडी ओटा होता, ओट्यावर शेंदूर फासलेला उभा दगड होता आणि समोर नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या.

‘भाऊराव,’ शेषराव म्हणाले, ‘आपल्या लहानपनी हे गानं होतं काय? आठव बरं.’

‘हाव ना. माही माय जात्यावर म्हने.’

‘तुही माय? अबे, तुही माय मेली तवा म्या कादंबरीचं पह्यलं पानबी लेयलं नव्हतं.’

भाऊरावाला राग आला नाही. तो समजुतीनं म्हणाला, ‘शेषराव, तू शयरात राह्यला. तुले आठवत नसन. आपुन इथंच बसून आयकलं नाई का? तू त रडला होता.’

शेषरावांनी दगडाकडे पाहिलं, मग भाऊरावाकडे. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे ते चित्र होतं, जात्याची घरघर होती, रडणारा शेषराव होता. भाऊरावानं वर आणखी सांगितलं की ग्रामपंचायत इथे स्मारकाची मोठी शिळा बसवणार आहे, पंचायत समितीचे सभापती येणार आहेत आणि सत्कार शेषरावांचाच आहे. ‘तुह्यामुळं सगुणामाय उजेडात आली बे,’ तो म्हणाला. ज्याला खरं सांगून पटत नाही त्याच्याशी माणूस भांडू तरी शकतो, पण ज्याला आठवतंच आहे त्याच्याशी काय करणार?

साक्षीदार न घेताच ते नदी उतरून पळसोड्यात गेले.

सोजराबाई दारातच बाजेवर बसल्या होत्या. वाळलेल्या, ताठ, कपाळ मोकळं. अन्न सोडलं होतं तरी व्याही म्हणून आलेल्या माणसाला चहा करायला त्यांनी शेजारणीला सांगितलं. पुंजाजी खांबाला टेकून उभे राहिले. दौलत घरी नव्हता.

शेषरावांनी सगळं सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. मी नोकरीत होतो, गोष्ट रचली, गाणं रचलं, तुमच्या गावाचं नाव ओळीत बसलं म्हणून घातलं, प्रस्तावना खोटी लिहिली. त्यांनी हात जोडले. ‘बाई, चूक माही हाये. पोराइले त्याची शिक्षा नका देऊ.’

ऐकून झाल्यावर सोजराबाईंनी पदर सारखा केला.

‘भाऊ, तुमी मोठे मानूस. तुमाले येक सांगतो,’ त्या म्हणाल्या. ‘माही सून हिवरगावची होती. विमल. म्याच पसंत केली होती. तवा कोनी काई म्हनत नव्हतं. लगन झालं, आन मंग हे गानं आलं. पोट्ट्या म्हनाच्या, आन ती आयकत बसे. दिवस गेले तिले. मले म्हने, आत्या, मले काई होईन का? म्या काई बोललो नाई. माह्याच पोटात भेव होतं.’

शेजारणीनं चहा आणून ठेवला. कोणी तो उचलला नाही.

‘दिवस भरले. पोट दुखाले लागलं, सुटका होयेना. पुंजाजीनं बैलगाडी जुतली, नांदुऱ्याच्या डाक्टरकडे न्याले. रस्ता कोनता? नदी उतरून, हिवरगावच्या गढीखालून. साऱ्या बाया म्हने, सगुणामायच्या नजरेखालून नेऊ नका, दोन्ही जीव जातीन. तिले हिवरगावची लेकच पाह्यजे. घरीच राहू द्या, लेकरू तरी वाचन.’ सोजराबाई थांबल्या. ‘म्या पुंजाजीच्या हातातला कासरा घेतला आन बैल सोडले. ह्या हातानं. दिवस बुडता बुडता दौलत झाला, आन ती गेली.’

शेषरावांनी पुंजाजींकडे पाहिलं. पुंजाजी खांबाला टेकूनच होते, नजर जमिनीवर. त्यांनी मागणी का घातली होती, मूळगाव का लपवलं होतं, ते शेषरावांना आत्ता समजलं. त्या माणसाला एकदा तरी ते गाणं खोटं पाडून पाहायचं होतं. आणि ते खोटं आहे हेच आता त्याला ऐकवत नव्हतं. बैल सुटले तेव्हा तोही त्या गाडीजवळच उभा होता आणि त्यानं कासरा सोडला होता.

‘दौलतले ठाव नाई,’ सोजराबाई म्हणाल्या. ‘त्याले सांगतलं का दवाखान्यात नेता नेता वाटंतच गेली. गावातबी कोनी त्याच्यापुढं तोंड उघडलं नाई.’

मग त्यांनी शेषरावांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

‘भाऊ, तुमी म्हनता सगुणा नव्हतीच. नसन. तुमाले ठाव. पन ती नव्हती, त मंग म्या बैल कोनाच्या भेवानं सोडले?’

ती बाई भांडत नव्हती. ती विचारत होती, आणि उत्तर देऊ शकेल असा जगात एकच माणूस होता, तो तिच्यासमोर बसला होता. इतकी वर्षं तिनं सगुणा या एका नावावर जीव तगवून धरला होता. सगुणा खरी असेल तर तिनं सून देऊन नातू वाचवला होता. सगुणा खोटी असेल तर तिनं सून मारली होती. शेषरावांना दोन्ही दिसत होतं, आणि या दोन्हींच्या मागे गाठोड्यावर बसून एकट्यानं हसणारा पार्सल बाबूही दिसत होता.

‘सांगा ना, भाऊ. होती का नव्हती?’

‘होती,’ शेषराव म्हणाले.

‘मंग आत्ता असं काऊन म्हनत होते?’

‘पोरीपायी. पोरीसाठी खोटं बोललो, बाई. माफ करा.’

सोजराबाईंनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. मग चहाची बशी त्यांच्याकडे सरकवत म्हणाल्या, ‘घ्या, गार होईन.’ शेषराव तो चहा प्यायले. पुंजाजी त्यांना नदीपर्यंत सोडायला आले. उताराशी पुंजाजींनी त्यांचा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला आणि मग सोडून दिला.

घरी दौलत येऊन बसला होता. रुखमाबाईंनी त्याला शिरा दिला होता, काम झालंच असं धरून. चांगुणा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. शेषराव चपला काढीपर्यंतही तिला दम नव्हता.

‘सांगतलं?’ तिनं विचारलं.

शेषराव खुर्चीवर बसले. ‘हे लगन होनार नाई,’ ते म्हणाले.

दौलत बशी ठेवून पुढे आला. ‘आजीनं आयकलं नाई काय? पुन्हा जाऊ, मी येतो संगं. मामा, माही आजी वाईट नाई. माह्या मायसाठी तिनं अन बाबानं किती धावपळ केली, सारं गाव सांगते. बैल फेस येऊस्तोवर पयवले, पन वाटंतच गेली ती. बाळंतपनात बाया जातात, त्यात शाप कायचा? तुमी फक्त माह्यासमोर आजीले सांगा का हे सारं मनातून रचलं. बाकी मी पाह्यतो.’

त्याचा चेहरा इतका भाबडा होता की शेषरावांना त्याच्याकडे बघवेना. त्याला आजीसमोर नेलं तर आजी तोच प्रश्न पुन्हा विचारील, या वेळी नातवाच्या देखत. शिकलेलं पोरगं, सगळं उकलून घेईल. आणि आज ज्या आजीच्या, ज्या बापाच्या नावानं तो एवढा हुरळून बोलतोय, त्यांच्याकडे उद्या कोणत्या डोळ्यांनी बघेल?

‘रचलं नाई,’ शेषराव म्हणाले. ‘म्या आयकलं होतं. जुन्या मानसाइच्या तोंडून. शाप खरा हाये.’

दौलतनं सवयीनं वाकून शेषरावांच्या पायाला हात लावला आणि गेला. त्याच्या सायकलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत राहिला. रुखमाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

चांगुणा तिथेच होती. ती रडत नव्हती. ती बापाकडे पाहत होती, वर्गात धडा चुकलेल्या मुलाकडे पाहावं तशी, अजूनही सुधारेल या आशेनं.

‘बाबा, पार्सलवरचं नाव तुमीच सांगतलं होतं मले.’

‘हाव.’

‘मंग आज त्याच्या तोंडावर खोटं काऊन बोलले?’

शेषरावांनी तोंड उघडलं. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं मरतानासुद्धा दीड दीड पान बोलत, शत्रूला पाझर फुटेल असं बोलत. स्वतःच्या लेकीला सांगायला त्यांच्याजवळ एक वाक्य नव्हतं. खरं सांगावं तर ती ते दौलतला सांगणार, तिच्या जागी कोणीही सांगेल. आणि दुसरं काही पटेल असं सुचेना.

‘हिवरगावात स्मारकाचा दगड बसवून राह्यले म्हनते,’ चांगुणा सावकाश म्हणाली. जणू ती स्वतःच उत्तर शोधत होती आणि ते तिला सापडू नये असं तिला वाटत होतं. ‘सभापती येतीन. तुमचा सत्कार होईन. सगुणा खोटी म्हटली त मंग काई राह्यत नाई. न पुस्तक, न गानं.’ ती थांबली. ‘त्याच्यापायी, बाबा? पुस्तकापायी?’

शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं. यातून दुसऱ्या कोणाला इजा होणार नव्हती.

‘हाव,’ ते म्हणाले. ‘पुस्तकापायी.’

आणि एवढं मात्र तिला एका शब्दात पटलं.